वही, यादी आणि तिजोरी : बँकेचा हिशेब कोण पडताळतो?

(सभासद शिक्षण पाठ)
ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



एरवी या पानावर आम्ही लागण, खोडवा, बेणे, खत, पाणी आणि कीड-रोग यांविषयी लिहितो. या खेपेस विषय बँकेचा घेतला आहे. कोणी म्हणेल, शेतकी खात्याच्या माणसांना ही उठाठेव कशाला? कारण साधे आहे. ऊस गाळपाला गेला की त्याचे बिल बँकेतच जमा होते. सेवा सोसायटीचे पीककर्ज त्यातून वळते होते आणि उरलेल्या पैशातून कोणी लेकीच्या लग्नासाठी, कोणी विहिरीच्या मोटारीसाठी, कोणी म्हातारपणासाठी ठेव ठेवतो. आडसाली उसाला दीड वर्ष पाणी पाजून मिळालेला पैसा एका पावतीवर दुसऱ्याच्या हवाली होतो. गाडी काट्यावर असताना आपण जेवढे डोळे उघडे ठेवतो, तेवढे ठेव ठेवताना ठेवतो का, हा या पाठाचा मूळ प्रश्न आहे.

गटात फिरताना सभासद आम्हाला विचारतात, "साहेब, पेपरात तर बँकेला नफा झाला म्हणून छापलं होतं. मग वर्षाच्या आत ती बुडाली कशी?" हा प्रश्न शहाण्या माणसाचा आहे. त्याचे उत्तर असे, की बहुतेक वेळा बँक त्या वर्षी बुडालेली नसते. ती आधीच पोखरलेली असते आणि कागदावर तेवढी हिरवी दिसत असते. हुमणी लागलेला ऊस जसा वरून काही दिवस ठीक दिसतो आणि हाताने ओढला की मुळासकट वर येतो, तसेच हे. मुळाशी काय चालले आहे हे वेळेवर दाखवणारी जी व्यवस्था असते, तिला हिशेबाच्या भाषेत 'अंतर्गत नियंत्रण' म्हणतात.

अंतर्गत नियंत्रण म्हणजे काय?

शब्द जड आहे, गोष्ट आपल्या रोजच्या पाहण्यातली आहे. उसाची नोंद गट ऑफिसला होते. लागणीची तारीख, जात आणि क्षेत्र शेतावर जाऊन पाहिले जाते. तोड आली की शेतातून चिठ्ठी निघते. गाडी काट्यावर जाते, भरलेल्या गाडीचे वजन होते, ऊस गव्हाणीत पडला की रिकाम्या गाडीचे वजन होते. पावती सभासदाच्या हाती येते. बिल हिशेब खाते काढते. आता पाहा, नोंद करणारा वजन करीत नाही, वजन करणारा बिल काढत नाही आणि बिल काढणारा शेतावर जात नाही. काटा बरोबर आहे की नाही हे पाहायला सरकारचे वैधमापन खाते वेगळेच असते.

एवढी माणसे कशाला? सगळे चोर आहेत म्हणून नव्हे. एकाच्या हातून चूक झाली तर दुसऱ्याच्या वहीत ती उघडी पडावी म्हणून. प्रामाणिक माणसाला या पद्धतीचा त्रास होत नाही, उलट त्याच्यावर नसता आळ येत नाही.

बँकेलाही हेच लागू आहे. तीन नियम ध्यानात ठेवावेत :

१) एका व्यवहाराला किमान दोन हात लागावेत. एकाने लिहावे, दुसऱ्याने तपासून मंजूर करावे.

२) दोन ठिकाणी स्वतंत्रपणे झालेल्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहाव्यात.

३) वहीत लिहिले आहे ते प्रत्यक्षात आहे का, हे न सांगता जाऊन मोजावे.

हे तीन नियम मोडले की काय होते, ते आपल्याच राज्यातील तीन प्रकरणांवरून पाहू.

पहिले प्रकरण : यादी एक, वही दुसरी

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक, म्हणजे पीएमसी बँक, १९८४ साली मुंबईत स्थापन झाली. पस्तीस वर्षांत तिच्या १३७ शाखा झाल्या. ठेवीदार नऊ लाखांच्या वर होते. ३१ मार्च २०१९ अखेरच्या अहवालात ठेवी ११,६१७ कोटी रुपये, नफा सुमारे १०० कोटी आणि निव्वळ अनुत्पादक कर्ज (ज्याला एनपीए म्हणतात) अवघे २.१९ टक्के दाखवले होते. हे आकडे वाचून कोणीही म्हणाला असता, बँक खणखणीत आहे.

सहा महिनेही गेले नाहीत. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पीएमसी बँकेवर निर्बंध घातले. संचालक मंडळ बाजूला करून प्रशासक नेमला. ठेवीदाराला सहा महिन्यांत खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येतील, असा पहिला आदेश होता. पुढे ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढवून जून २०२० मध्ये एक लाखापर्यंत नेली.

झाले होते काय? बँकेचे व्यवस्थापकीय संचालक जॉय थॉमस यांनी रिझर्व्ह बँकेला लिहिलेले पत्र त्या वेळी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. एचडीआयएल या एकाच बांधकाम कंपनीच्या गटाकडे ६,५०० कोटींहून अधिक कर्ज अडकले होते. हे बँकेच्या एकूण कर्जाच्या सुमारे ७३ टक्के होते. म्हणजे कारखान्याच्या शंभर टन उसातला त्र्याहत्तर टन एकाच घरच्या रानातला! त्या रानात तांबेरा पडला तर कारखान्याने काय गाळावे? एका गटाला इतके कर्ज देण्यास नियमाने मुळीच परवानगी नव्हती.

मग हे तपासणीत दिसले कसे नाही? येथेच आपला धडा आहे. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीसाठी बँकेला सर्व कर्जखात्यांची यादी द्यावी लागे. बँकेच्या संगणकात, म्हणजे खऱ्या वहीत, या गटाची मोठी खाती होती. तपासणीला दिलेल्या यादीत मात्र ती नव्हती. पोलिसांत दाखल झालेल्या फिर्यादीनुसार अशा ४४ खात्यांच्या जागी २१,०४९ बनावट छोटी खाती दाखवली होती. बेरीज तंतोतंत जुळत होती. या छोट्या खात्यांना ठेवीच्या तारणावरील कर्ज असे नाव दिले होते. ठेव तारण असलेले छोटे कर्ज सर्वांत सुरक्षित मानले जाते, म्हणून तपासणारे त्यांत खोल गेले नाहीत, असे त्या पत्रातच म्हटले आहे. ही खाती मूळ संगणक प्रणालीत उघडलेलीच नव्हती. ती फक्त यादीत होती.

सभासदहो, याची बरोबरी करून पाहा. एखाद्या गटात शंभर एकराचा एकच प्लॉट आहे, पण मुख्य कार्यालयाला दिलेल्या यादीत त्या जागी दहा-दहा गुंठ्यांची चारशे नावे लिहिली. एकूण क्षेत्राची बेरीज बरोबर येईल. साहेबांनी टेबलावर बसून बेरीज केली तर "ठीक आहे" म्हणून सही होईल. परंतु त्या चारशेपैकी कोणतीही पाच नावे काढून, सातबारा हातात घेऊन बांधावर गेले, तर एका सकाळीत सगळे उघडे पडेल. बेरीज जुळणे आणि खरे असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आणखी एक बाब त्या पत्रातून पुढे आली. बँकेचा व्याप वाढत होता आणि वेळ थोडा होता, म्हणून वैधानिक लेखापरीक्षक नव्याने वाढलेली कर्जेच पाहत, सर्व जुनी खाती पाहत नसत. जुन्या खात्यांची परतफेड थकली असूनही ती 'चांगली' म्हणूनच दाखवली जात होती. म्हणजे नव्या लागणीची पाहणी होत होती आणि खोडव्यात काय सडले आहे ते कोणी पाहत नव्हते.

खरा हिशेब मांडल्यावर काय निघाले? २०१९-२० या वर्षाचा तोटा ६,८३५ कोटी रुपये, आणि बँकेचे निव्वळ मूल्य उणे ५,८५० कोटी रुपये. आदल्या वर्षी १०० कोटी नफा आणि पुढच्या वर्षी हा खड्डा. एवढा पैसा बारा महिन्यांत बुडालेला नव्हता. तो वर्षानुवर्षे बुडत होता, अहवालात तेवढा दिसत नव्हता. संबंधितांवर फौजदारी कारवाई झाली, लेखापरीक्षकांनाही अटक झाली. कोणाचा किती दोष हे न्यायालय ठरवील. आपल्याला त्यातून पद्धतीचा दोष शिकायचा आहे.

दुसरे प्रकरण : वहीत रोकड, तिजोरी रिकामी

न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक, मुंबई. १९६८ साली कामगारांची बँक म्हणून ती सुरू झाली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांनी तिजोरीतील रोकड प्रत्यक्ष मोजली. प्रभादेवी आणि गोरेगाव येथील तिजोऱ्यांत मिळून सुमारे १२२ कोटी रुपये कमी भरले. १३ फेब्रुवारी २०२५ रोजी बँकेवर निर्बंध आले आणि दुसऱ्या दिवशी संचालक मंडळ बरखास्त झाले. बँकेच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याला अटक झाली.

तपासात पोलिसांनी सांगितलेली एक गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते. ज्या तिजोरीत शंभर कोटींहून अधिक रोकड असल्याचे वहीत लिहिले होते, त्या तिजोरीत मावतील एवढेच मुळी सुमारे दहा कोटी! म्हणजे मोजणीसुद्धा राहू द्या, नुसत्या नजरेने अंदाज घेतला असता तरी शंका यायला हवी होती. दहा गुंठ्यांच्या नोंदीवर शंभर टन ऊस आला असे कोणी कागदावर दाखवले, तर आमच्या खात्यातला नवा पोरगासुद्धा म्हणेल, "हे कसं शक्य आहे?" बँकेच्या आकड्यांनाही हाच प्रश्न विचारायचा असतो. आकडा नीट टाईप केलेला आहे, खाली सही-शिक्का आहे, एवढ्याने तो शक्य ठरत नाही.

या प्रकरणात ठेवीदारांचे नशीब बरे म्हणायचे. ४ ऑगस्ट २०२५ पासून ही बँक सारस्वत बँकेत विलीन झाली आणि ठेवींची जबाबदारी सारस्वत बँकेने घेतली. मधल्या काळात मात्र लोकांना स्वतःच्या पैशासाठी ताटकळावे लागले.

तिसरे प्रकरण : जामीनकी दिली, वहीत लिहिली नाही

हा दोष फक्त सहकारातच आहे, असे जे म्हणतात त्यांच्यासाठी तिसरे उदाहरण सरकारी बँकेचे. पंजाब नॅशनल बँकेची मुंबईतील ब्रॅडी हाऊस शाखा. नीरव मोदी आणि मेहुल चोक्सी या हिरे व्यापाऱ्यांच्या कंपन्यांना या शाखेतून २०११ पासून हमीपत्रे दिली जात होती. हमीपत्र म्हणजे आपल्या भाषेत जामीनकी. "यांना परदेशात कर्ज द्या, त्यांनी फेडले नाही तर आम्ही फेडू," असा निरोप दुसऱ्या बँकेच्या परदेशातील शाखेला जाई. हा निरोप स्विफ्ट नावाच्या संदेश यंत्रणेवरून जात असे. या यंत्रणेची बँकेच्या मुख्य हिशेब प्रणालीशी जोडणीच नव्हती. निरोप गेला, जबाबदारी आली, पण बँकेच्या वहीत ओळ उमटली नाही.

घरातल्या थोरल्याने बाहेर दहा जणांना जामीन राहावे आणि घरच्या वहीत एकही नाव लिहू नये, तर घरच्यांना वाटणार की आपल्यावर देणे काहीच नाही. तसेच झाले.

हे उघडकीस कसे आले तेही पाहण्यासारखे आहे. शाखेतील संबंधित अधिकारी अनेक वर्षे त्याच टेबलावर होता. तो २०१७ मध्ये निवृत्त झाला. जानेवारी २०१८ मध्ये कंपन्यांची माणसे नव्या हमीपत्रासाठी आली, तेव्हा नव्या अधिकाऱ्याने नियमाप्रमाणे तारण रक्कम मागितली. "पूर्वी कधी द्यावी लागली नाही," असे उत्तर आले. त्याने जुन्या नोंदी पाहिल्या, तर नोंदीच नव्हत्या! फेब्रुवारी २०१८ मध्ये बँकेने सुमारे ११,४०० कोटींचा गैरव्यवहार जाहीर केला. पुढे हा आकडा १३,००० कोटींच्या पुढे गेला. खुर्ची बदलली म्हणून हे कळले. ती सात वर्षे आधी बदलली असती तर नुकसान किती वाचले असते, याचा विचार करावा.

तिन्ही प्रकरणांतील समान दोष

येथे थोडे थांबून तिन्हींचे सार काढू. पीएमसीमध्ये यादी आणि वही ताडली गेली नाही. न्यू इंडियामध्ये वही आणि तिजोरी ताडली गेली नाही. पंजाब नॅशनलमध्ये बाहेर गेलेला निरोप आणि वही ताडली गेली नाही. तिन्ही ठिकाणी कागद होते, सह्या होत्या, लेखापरीक्षण होते, वार्षिक सभा होत होत्या. दोन नोंदी शेजारी ठेवून पाहणारा, ज्याला कोणाची भीड नाही असा तिसरा माणूस तेवढा नव्हता, किंवा होता पण त्याला वेळ आणि अधिकार नव्हता.

यानंतर कायदा कडक झाला हे खरे. २०२० साली बँकिंग नियमन कायद्यात दुरुस्ती होऊन सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले. नागरी सहकारी बँकांनी एका गटाला द्यावयाच्या कर्जाची मर्यादा खाली आणली. मोठ्या नागरी बँकांनी थकीत कर्जाची वर्गवारी हाताने न करता संगणकानेच करावी, असे सांगितले गेले. परंतु न्यू इंडियाची तिजोरी त्यानंतरच रिकामी सापडली, हेही विसरू नये. नियम कागदावर येतो आणि पाळणारा माणूस खुर्चीवर असतो.

आपल्या दारातले 'नवं-जुनं'

हे सगळे मुंबईचे, आपला काय संबंध, असे समजू नये. मार्चअखेरीस गावोगाव काय चालते ते आपण जाणतो. सोसायटीचे कर्ज भरायला घरात पैसा नसतो. कोणाकडून तरी दोन दिवसांसाठी रक्कम आणायची, कर्ज भरायचे, लगेच नवे कर्ज उचलायचे आणि उसनवारी फेडायची. याला आपण 'नवं-जुनं' म्हणतो. कागदावर वसुली शंभर टक्के होते. घरात मात्र कर्ज तेवढेच राहते, वर दोन दिवसांचे व्याज जाते.

अडीअडचणीत शेतकरी हे करतो, त्याला आम्ही नावे ठेवत नाही. अतिवृष्टीने किंवा महापुराने रान बुडाले तर तो काय करणार? पण सभासद म्हणून एक समजून घ्यावे. छोट्या शेतकऱ्याचे नवं-जुनं हजारांत असते आणि ते गावाला माहीत असते. तेच एखाद्या बड्या कर्जदाराबाबत कोटींत आणि गुपचूप झाले, तर अहवालातील 'वसुली' आणि 'नफा' या शब्दांना अर्थ राहत नाही. न आलेले व्याज आले असे धरून नफा काढला जातो, त्यावर लाभांश वाटला जातो, आणि लाभांश मिळाला म्हणून सभेत टाळ्या पडतात. तो लाभांश ठेवीदाराच्या मुद्दलातून आलेला असतो.

भरपाई कोणी केली?

पीएमसी बँक २५ जानेवारी २०२२ रोजी युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. ठेवीदारांना पाच लाखांपर्यंतची रक्कम आधी मिळाली. त्यावरील रक्कम वर्षावर्षाने, आणि मोठ्या ठेवींची शेवटची बाकी तर दहा वर्षांनी, अशी योजना ठरली. ३१ मार्च २०२१ नंतर कित्येक वर्षे त्या रकमेवर व्याज नाही. साठीच्या माणसाने आयुष्याची पुंजी ठेवली असेल तर त्याने सत्तरीपर्यंत वाट पाहायची. अंतर्गत नियंत्रण हा शब्द कोरडा वाटतो, पण ते सुटले की औषधपाणी अडते, लग्ने पुढे जातात आणि लोक खासगी सावकाराच्या दारात उभे राहतात.

ठेव विम्याविषयी चार गोष्टी पाठ कराव्यात :

१) बँकेतील ठेवीला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. ही मर्यादा पूर्वी एक लाख होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख झाली. मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाख.

२) ही मर्यादा एका बँकेत एका ठेवीदाराला आहे. एकाच बँकेच्या तीन शाखांत तुमच्या नावावर मिळून नऊ लाख असतील तरी विमा पाच लाखांचाच. वेगळ्या बँकेत ठेवले तर तेथे वेगळा विमा. पती आणि पत्नी यांची आपापल्या नावावरील खाती वेगळी धरतात.

३) २०२१ च्या दुरुस्तीनंतर बँकेवर निर्बंध आल्यास विम्याची रक्कम साधारण नव्वद दिवसांत मिळण्याची तरतूद झाली आहे.

४) नागरी सहकारी बँक आणि जिल्हा मध्यवर्ती बँक यांच्या ठेवींना हा विमा आहे. पतसंस्थेतील आणि सेवा सोसायटीतील ठेवीला तो नाही. पाटी झगमगीत असली, व्याज दीड-दोन टक्के जादा असले, तरी हा फरक विसरू नये. तसेच भागाची रक्कम ही ठेव नव्हे. तोटा झाला की पहिला चटका भागधारकाला बसतो.

सभासदाने काय विचारावे?

"आम्ही अडाणी माणसं, ताळेबंद आम्हाला काय कळणार?" असे म्हणून मागच्या रांगेत बसू नये. ज्याला टनेज आणि उताऱ्याचा हिशेब कळतो, त्याला ताळेबंदही कळतो. सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी व्हावी असा कायदा आहे. अहवालाची प्रत आधी मागून घ्यावी आणि सभेत पुढील प्रश्न शांतपणे, नम्रतेने, पण उत्तर मिळेपर्यंत विचारावेत :

१) सर्वांत मोठ्या वीस कर्जदारांकडे मिळून एकूण कर्जाच्या किती टक्के रक्कम आहे? नावे सांगू नका, टक्केवारी सांगा. हा आकडा मोठा आणि दरवर्षी वाढता असेल तर सावध व्हावे.

२) संस्थेला कोणता लेखापरीक्षण वर्ग मिळाला? लेखापरीक्षकाने कोणते दोष दाखवले? गेल्या वर्षीच्या दोषांचा दुरुस्ती अहवाल दिला का? तोच दोष सलग तीन वर्षे छापून येत असेल, तर दुरुस्ती होत नाही असे समजावे.

३) तिजोरीतील रोकड न कळवता किती वेळा मोजली? कोणी मोजली? ज्याच्या हातात किल्ली त्यानेच मोजली असेल तर ती मोजणी धरू नये.

४) कर्ज, रोकड आणि संगणक या टेबलांवर एकच माणूस किती वर्षे आहे? त्याला सलग रजेवर पाठवून दुसऱ्याने ते काम कधी पाहिले का? "तो फार प्रामाणिक आहे, एक दिवस रजा घेत नाही," हे कौतुकाचे वाक्य ऐकले की हाच प्रश्न आधी विचारावा.

५) मार्चमध्ये आलेल्या वसुलीपैकी किती रक्कम एप्रिलमध्ये त्याच कर्जदारांना पुन्हा दिली?

६) सभेपुढे आणि तपासणीपुढे ठेवलेल्या याद्या थेट संगणकातून निघतात, की मधे कोणी हाताने तयार करतो?

हे प्रश्न विचारणे म्हणजे कोणावर आरोप करणे नव्हे. काट्यावर उभे राहून वजन पाहणारा सभासद काटेवाल्याला चोर म्हणत नसतो. आणि हेच प्रश्न आपल्या कारखान्यालाही विचारावेत. आम्ही कारखान्याचे नोकर आहोत, तरी हे लिहितो, कारण विचारणारा सभासद असला तर नोकरालाही नीट काम करायला बळ येते.

घरी करावयाचे काम

१) या महिन्यात पासबुक भरून आणावे. ऊस बिलाची पावती, सोसायटीची वळती रक्कम आणि पासबुकातील जमा या तिन्ही शेजारी ठेवून ताडून पाहाव्यात. रुपयाचाही फरक असेल तर लेखी विचारावे.

२) महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला संस्थेच्या कार्यालयात जाऊन शेवटचा तपासलेला ताळेबंद, सभांची इतिवृत्ते आणि स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी विनामूल्य पाहता येतात. एकदा जाऊन आपले कर्जखाते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. न उचललेले कर्ज आपल्या नावावर नाही ना, याची खात्री करावी.

३) घरातील सर्व ठेवींची एका पानावर यादी करावी : कोणाच्या नावावर, कोणत्या संस्थेत, किती, विमा आहे की नाही, वारस लावला आहे की नाही. एकाच टोपलीत सगळे बेणे ठेवू नये, हे शेतकऱ्याला आम्ही सांगायला नको.

४) कोऱ्या फॉर्मवर, कोऱ्या चेकवर, ओळखीच्या सचिवापुढेही सही करू नये. पासबुक शाखेत ठेवून येऊ नये.

सहकार आपल्या जिल्ह्यात विश्वासावर उभा राहिला, हे खरेच आहे. पण विश्वास टाकलेल्या माणसाचीही वही अधूनमधून पाहावी लागते, आणि चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही. ज्याला येतो, त्याच्याकडे ठेव ठेवावी की नाही, ते आपण ठरवावे.

पुढील अंकात आम्ही नेहमीच्या विषयाकडे, म्हणजे खोडव्यातील पाचट आणि खत व्यवस्थापनाकडे वळू. तोवर पासबुक भरून आणावे.